माझ्या आवाजातलं खोटं

बस स्टँडबाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या की धाराशिवात दसरा जवळ आला हे कॅलेंडर न बघताही कळतं. डोंगराकडच्या गावांतून बाया सकाळच्या गाडीनं येतात, पाट्यांवर ओला पाला झाकलेला असतो आणि पाल्याखाली पोपटी, डोळे उघडायला लागलेली फळं असतात. सीताफळाला धीर नसतो. आज घट्ट, उद्या मऊ, परवा गेलंच. "आजच खावा बरं का मॅडम, उद्याला ठिवू नका," असं विकणारी बाई दरवर्षी बजावते. यंदाही तिनं बजावलं. मी वाकून एक फळ उचललं, नाकाशी नेलं, आणि तो गोडसर वास आत गेला. मागच्या वर्षीचा अख्खा ऋतू त्या वासाबरोबर वर आला. मी फळ परत ठेवलं.

"का वो? चांगलंय की," बाई म्हणाली.

चांगलंच होतं. फळाचा काही दोष नव्हता.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी हावरटासारखी दोन्ही हातांनी सीताफळं घेत होते. सोयाबीनची मळणी चालली होती, गावांच्या बाहेर यंत्रांचा घरघराट आणि हवेत पिवळसर धुरळा. माझ्या भूगोलाच्या वर्गात मागचे बाक रिकामे पडलेले, कारण अर्धी पोरं रानात. तुळजापूरच्या रस्त्यानं अनवाणी चालणाऱ्यांची रीघ, त्यांच्यासाठी कडेला मांडलेली चहाची पातेली, परतीच्या पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर झेंडूच्या शेतांतून येणारा उग्र वास. हे सगळं मला दिसत होतं, आणि दिसतंय याचंच अप्रूप वाटत होतं. कारण त्याच्या आदल्या वर्षी मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

त्या वर्षी मी आजारी होते. मनाचा आजार होता. लोक कारण विचारायचे. मला कारण सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! ज्युनिअर कॉलेजात नोकरी होती, विजयसारखा शांत नवरा होता, जीव लावणाऱ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आणि तरीही सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणीतरी ओलं पोतं ठेवून गेल्यासारखं वाटायचं. "तुला काय कमी हाय गं? देवानं एवढं दिलंय, त्याचे आभार मान की," असं माहेरची माणसं म्हणायची, शेजारी म्हणायचे. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण आभार हा शब्द मला तेव्हा छडीसारखा लागायचा. सगळं असूनही मी सुखी नाही, म्हणजे मी कृतघ्न, असा त्याचा अर्थ व्हायचा. विजय मला सोलापूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. आणि त्याच सुमारास एका मैत्रिणीनं मला फोनवरच्या त्या गटात घातलं.

गटाचं नाव लिहीत नाही. तो चालवणाऱ्या बाईंना रेवाताई म्हणू. त्या दूरच्या शहरात राहायच्या, गटात राज्यभरातल्या बाया होत्या, आणि जवळजवळ सगळ्याच माझ्यासारख्या, जगण्याचा कंटाळा येऊन काठावर बसलेल्या. रोज एका गोष्टीचे आभार मानून ती गटात लिहायची, एवढंच काम. मी छडी अंगावर घ्यायच्या तयारीनंच आत गेले. पण रेवाताईंचा नियम वेगळा होता. मोठं काही लिहायचं नाही. नवरा चांगला, देवाची कृपा, असलं काही नको. आज डोळ्यांना, कानांना, जिभेला, हाताला जे भेटलं त्यातलं एक लिहा. आणि कुणी लिहिलं नाही तर दिवस मावळायच्या आत दुसऱ्या कुणीतरी तिला फोन करायचा.

मी पहिल्या दिवशी लिहिलं, "नळाला पाणी आलं." मराठवाड्यातल्या सगळ्या बाया खो खो हसल्या. आमच्याकडं नळाला पाणी येणं ही खरोखरच हात जोडावेत अशी गोष्ट आहे. मग हळूहळू सवय लागली. नव्या खडूचा फळ्यावर उठणारा आवाज. आत्याबाईंच्या लुगड्याला येणारा कापराचा वास. तापल्या तव्यावर पडलेल्या भाकरीचा पहिला फुगवटा. वाचणारे म्हणतील, एवढ्याशा गोष्टीनं काय होतं? गोष्टीनं काही होत नाही. पण ती सापडावी म्हणून दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि संध्याकाळी कुणीतरी ती वाचायला बसलेलं असतं. मला आभारांनी धरून ठेवलं, गोळ्यांनी, की वाट बघणाऱ्या त्या बायांनी, हे मला आजही नीट वेगळं करून सांगता येत नाही. तिन्हींनी मिळून धरलं असणार.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मी काहीच लिहिलं नाही. फोन आला तो खुद्द रेवाताईंचा. आजवर जे कुणाकडंच बोलले नव्हते ते बोलले. "ताई, मला आता जगायचंच नाही."

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी उपदेशही केला नाही. "घरात कोण आहे?" त्यांनी विचारलं. "मी फोन ठेवत नाही, सुजाता. तू पण ठेवू नकोस." माझ्याकडून नंबर घेऊन दुसऱ्या फोनवरून त्यांनी विजयला तातडीनं घरी बोलावलं आणि तो येईपर्यंत त्या बोलत राहिल्या, मी रडत राहिले. मधेच बाहेरच्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज आला. गुडघ्यांमुळं त्यांना चटकन उठता येत नाही, बसल्या जागेवरून त्या ओरडल्या, "सुजाता! अगं दूध उतू चाललंय!" मी रडत रडत उठले आणि गॅस बंद केला.

"बघ," रेवाताई म्हणाल्या, "दूध वाचवलंस."

आणि मी त्या तसल्या अवस्थेत हसले.

दुसऱ्या दिवशी सोलापूर. डॉक्टरांनी औषध बदललं, विजयला चार गोष्टी समजावल्या. विजयनं तिथूनच रेवाताईंना फोन करून सगळं सांगितलं, त्यांचे आभार मानताना त्याला हुंदका आला. नंतरच्या पावसाळ्यात मी सावरत गेले. रेवाताईंना मी कधी भेटले नव्हते, पण माझ्या मनात त्यांची जागा सख्ख्या बहिणीची झाली होती. हे सगळं अशासाठी लिहिते, की पुढं जे झालं ते परक्या माणसानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

सीताफळांच्या त्याच दिवसांत, स्टाफरूममध्ये डबे उघडले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकारी बाई फोनवर काहीतरी बघत होत्या. "मॅडम, हे ऐका हो," त्या म्हणाल्या, "काय रडतेय बिचारी! अंगावर काटा येतो." फोनमध्ये अंधुक चित्र, मागं बासरी, आणि एका बाईचं रडणं. आवाज बदललेला होता, घोगरा, कुणाचाही वाटावा असा. नावाच्या जागी बासरी मोठी केली होती. आणि मग त्या बासरीतून, कुणी न बदललेला, कापरा, माझ्या ओळखीचा आवाज आला, "अगं दूध उतू चाललंय!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

त्यानंतर रेवाताई पडद्यावर आल्या. त्या म्हणाल्या, "ही माझी मैत्रीण. एकही गोळी न घेता, फक्त रोजच्या कृतज्ञतेनं ती मरणाच्या दारातून परत आली. तुम्हीही येऊ शकता." खाली त्यांच्या नव्या वर्गात नाव नोंदवायची सोय होती. "खरंच असेल का हो?" सहकारी बाईंनी विचारलं. मी डबा बंद केला आणि वर्गावर गेले. मान्सूनच्या दोन शाखा शिकवायच्या होत्या. शिकवल्याही.

घरी येऊन फोन लावला. "ताई, तो आवाज माझा आहे."

"हो गं! किती लोकांपर्यंत पोचलाय बघितलंस का?" त्या आनंदात होत्या. "आवाज बदललाय, नाव काढलंय. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं. आणि तुम्ही ते बोलणं रेकॉर्ड करत होतात?"

"मी सगळेच फोन करते. सुरक्षेसाठी."

"आणि गोळ्या? विजयनं तुम्हाला दवाखान्यातून फोन केला होता. मी आजही गोळ्या घेते, ताई."

"अगं, लोकांना गोळ्यांचं ऐकायचं नसतं. त्यांना आशा हवी असते."

"तो व्हिडिओ काढा."

मग तोच मऊ आवाज, ज्यानं त्या संध्याकाळी मला धरून ठेवलं होतं, म्हणाला, "सुजाता, त्या दिवशी मी फोन ठेवला असता तर? थोडी कृतज्ञ राहायला शिक."

छडी परत आली होती. या वेळी ती अशा हातात होती की मला अंग चोरायलाही जमलं नाही.

मी गट सोडला. विश्वासघात म्हटलं की आपल्याला राग आठवतो, पण माझ्या वाट्याला आधी आली ती लाज. जणू चोरी माझीच उघडी पडली होती. मग प्रत्येक जुनी गोष्ट नासायला लागली. "दूध वाचवलंस" असं त्या म्हणाल्या ते मला सावरायला, की पुढं कामाला येईल म्हणून? त्या हसण्यावर मी कितीतरी दिवस जगले होते. झेंडूचा वास आला की आपसूक मनात वाक्य तयार व्हायचं, "आज झेंडूचा..." आणि तिथंच तोंड कडू व्हायचं. आभार मानायची जी सवय मुश्किलीनं लावून घेतली, तिच्यावर आता त्यांचा शिक्का होता. आत्याबाईंना विजयनं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझाबी आवाज हाय म्हणं त्यात?"

"आहे, आत्याबाई."

"मला इचारलंबी न्हाय," त्या म्हणाल्या.

गट सोडला त्याच संध्याकाळी एक अनोळखी नंबर वाजला. "मॅडम, मी मंगल बोलतीय, तेरहून. तुमचं आज आलं न्हाय." मंगलताई गटातल्याच. तेरच्या पोस्टात नोकरी करायच्या, त्यांचा धाकटा भाऊ आयुष्य संपवून गेला होता आणि त्या दुःखातून त्या गटात आल्या होत्या.

"मी गट सोडला, मंगलताई."

"गटाचं कोण इचारतंय? तुमचं आलं न्हाय, म्हणून लावला."

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मधेच थांबून विचारलं, "तुम्ही हे रेकॉर्ड नाही ना करत?" विचारल्यावर माझंच मला वाईट वाटलं. त्या रागावल्या नाहीत. "मला त्या फोनमधलं ते येतच न्हाय," त्या म्हणाल्या, "पण इचारलं ते बरं केलं."

विजयनं तक्रारी केल्या, कुठूनही उत्तर आलं नाही. दिवाळीच्या अलीकडं रेवाताईंचं व्याख्यान धाराशिवातल्याच एका सभागृहात ठरलं. मी जायचं ठरवलं. मंगलताई तेरहून एसटीनं आल्या; आम्ही पहिल्यांदाच एकमेकींना बघत होतो, तरी जुन्या शेजारणींसारख्या एकमेकींचा हात धरून आत गेलो. सभागृह भरलेलं होतं. रेवाताई फोनमध्ये दिसतात त्यापेक्षा बुटक्या होत्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मी उघडे ठेवले आणि उभी राहिले.

"त्या व्हिडिओतला आवाज माझा आहे," मी म्हटलं. "मी गोळ्या घेत होते. आजही घेते. तो व्हिडिओ खोटा आहे."

पण माईक त्यांच्याकडं होता. माझं बोलणं फार तर पुढच्या रांगांपर्यंत गेलं असेल. त्या भराभर मंचावरून खाली आल्या आणि मला काही कळायच्या आत त्यांनी मला मिठी मारली. "हीच ती!" त्या माईकमध्ये म्हणाल्या, त्यांचा आवाज भरून आला होता. "हीच आपली सुजाता! तुमच्याच गावची!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "ओ, ऐका की त्या काय म्हणतायत ते!" मंगलताई ओरडत होत्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मी त्या मिठीत ताठ उभी होते. त्यांना चंदनाच्या अत्तराचा वास येत होता. आजवर व्हिडिओत माझं नाव तरी नव्हतं. आता माझ्या शहरासमोर, माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांसमोर, तेही देऊन टाकलं गेलं.

आम्ही बाहेर पडलो. पायऱ्यांवर एक तरुण मुलगी धावत मागून आली, कडेवर तान्हं बाळ. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"ताई, तुमचे लई उपकार हायत. मी दीपा. तुळजापूरला देवळाच्या वाटंला आमचं कवड्यांच्या माळांचं दुकान हाय. बाळंतपणापासनं माझंबी असंच. डॉक्टरनं गोळ्या दिल्या हुत्या. तुमचा आवाज ऐकला आन् बंद केल्या बगा."

रेवाताईंवरचा सगळा राग एका क्षणात लहान झाला. माझ्या रडण्यानं या मुलीच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"दीपा," मी म्हटलं, "मी गोळ्या घेते. तेव्हाही घेत होते. त्यांनी तेवढं लपवलं."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. ते मला ओळखू आलं. स्टाफरूममध्ये आरसा असता तर त्यात मला माझा चेहरा असाच दिसला असता. "म्हंजी तुमीबी खोटंच की," ती म्हणाली, बाळाला घट्ट धरून, आणि निघून गेली. मी खोटं बोलले नव्हते हे मी तिच्यामागं ओरडून सांगू शकले असते. पण तिच्या कानांत गेलेला आवाज तर माझाच होता.

रविवारी मी तुळजापूरला गेले. रस्ता माणसांनी फुललेला, घाटात कुंकवानं भरलेले चेहरे, उन्हात चमकणारे परडीतले झेंडू. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दीपा माळांच्या घोसांमागं बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बाळ बाजूच्या झोळीत. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"इथंबी रेकार्ड करायला आलाव का?"

तिनं हात पुढं केला. मी माझा फोन बंद करून तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो आतल्या फळीवर नेऊन ठेवला, कवड्यांच्या डब्यामागं. मग मी पर्समधून माझी जेवणानंतरची गोळी काढली आणि पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन आली. मी गोळी गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडं बघत होती.

"त्यानं तुमी बऱ्या झालाव?"

"त्यानं, आणि रोज माझी वाट बघणाऱ्या बायांनी. तू आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नकोस, आधी डॉक्टरांना भेटू. मी येते बरोबर."

ती बसली. कवड्या ओवायला लागली. गिऱ्हाईक येऊन गेलं. मग ती बोलायला लागली, आणि दुपार कलेपर्यंत बोलत होती. रेवाताईंनी मला शिकवलेलं तेवढं एक मी वापरलं, उपदेश केला नाही, मधेच उठलेही नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोघी, आणि दीपाचा नवराही, तिच्या डॉक्टरांकडं गेलो.

पुढं तो व्हिडिओ काढला गेला. तक्रारींमुळं की जुना झाला म्हणून, ठाऊक नाही. त्याचे तुकडे अजून फिरतात. रेवाताईंनी माफी मागितली नाही. कधी कधी वाटतं, त्या बाई मुळातच खोट्या होत्या असं ठरवलं की मोकळं होता येईल. पण ते जमत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी फोन ठेवला नाही हे खरं आहे, आणि तोच फोन त्यांनी बाजारात मांडला हेही खरं आहे. ज्या माणसानं वाचवलं त्याच्यावर धड चिडताही येत नाही, आणि धड ऋणीही राहता येत नाही. ही जखम सीताफळांच्या दिवसांत जरा जास्त ठणकते.

आता आमचा एक लहानसा गट आहे. मंगलताई, दीपा, मी आणि आजूबाजूच्या गावांतल्या काही जणी, सगळ्या एकमेकींचं घर माहीत असलेल्या. नियम तोच, रोजचं एक, आणि न लिहिणारीला फोन. फोनवर बोललेलं फोनवरच राहतं, आणि गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं. काल दीपानं लिहिलं, "आज कशाचेच आभार न्हाईत. पोरगं किरकिर करतंय, गिऱ्हाईक डोकं खातंय, लई कटाळा आलाय." मी लगेच फोन लावला.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बरी हाय की. खरं लिवलं तर घाबरलाव व्हय?"

"घाबरले."

"मग खोटं लिवलं असतं, आज आभाळ लई छान हाय म्हणून, तर तुमाला कळलं असतं का?"

"नसतं कळलं," मी म्हटलं.

"म्हणून तर खरं लिवलं," दीपा म्हणाली. "थांबा जरा, ठिवू नका, गिऱ्हाईक आलंय." आणि ती भाव करायला गेली. मी फोन कानाला लावून थांबले.